गाल सुजला की तात्या हजर

आमच्या बोरीवलीच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा गाल सुजला की तात्या रेडकर त्याच्यावर ओरडायला यायचे. विचारपूस वगैरे नाही, थेट ओरडायचे. मरोळच्या कारखान्यात फोरमन म्हणून जन्म काढलेला माणूस, मशीनवर ओरडायची सवय. रिटायर झाल्यावर आमचे दात हाती घेतले.

माझी अक्कलदाढ ठणकायला लागली त्या सकाळी मी दाराआड गपचूप लवंग चघळत होतो. तात्यांना वास कसा लागला कुणास ठाऊक.

"लवंग दाबून बसलंस? लवंगेन किडको दात बरो होता काय रे? चप्पल घाल!"

रस्ताभर मला पुढचं सगळं ऐकवलं, तेही अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात. "इंजेक्शान दिल्यार ओठ जड होतलो. घाबरू नको, तो तुझोच. डॉक्टरीण म्हणतली, काही कळणार नाही. खोटा बोलता ती! दुखत नाय, पण वढल्यासारख्या वाटता. मगे कडकन आवाज येतलो. तो दाढेचो. कवटीचो नाय."

मला तात्यांचा भयंकर राग आला होता. दाढ माझी, तोंड माझं, आणि हे खुर्चीशेजारी उभे राहून मेहता डॉक्टरीणबाईंवर गुरगुरतायत, "अजून भूल चढूक नाय, घाई कित्याक?" बाईंनी त्यांना बाहेर काढलं. दाढ निघाली, अगदी ते म्हणाले तशीच, आवाजासकट. परतताना तोंडात कापसाचा बोळा. मी गटाराशी वाकलो तसे ते खेकसले, "थुकू नको, मेल्या! थुकलंस तर रगात थांबूचा नाय!"

कांबळेवहिनींचा दात काढला तेव्हा तर कहर झाला. सासूने मायेने दिलेला वाफाळता चहा तात्यांनी वहिनींच्या हातातून घेऊन सरळ मोरीत ओतला. "आज गरम बंद! उद्यापासून मिठाच्या पाण्यान चूळ!" सासूबाई कित्येक दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. वहिनींना मात्र संध्याकाळी त्यांनी आइस्क्रीमचा कप नेऊन दिला, तोही रागारागानेच.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास मी एक दात भरून घ्यायला गेलो, तर दवाखान्याच्या बाकावर तात्या. डावा गाल टम्म फुगलेला. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरीणबाई वैतागल्या होत्या. "हे तिसऱ्यांदा आलेत. यांचं बीपी वाढलेलं, घरी न्यायला कुणी असल्याशिवाय मी दाढ काढणार नाही म्हटलं. दर वेळी सांगतात, भाचा येतोय. तासभर बसतात आणि निघून जातात."

तात्यांना भाचा नव्हता. त्यांची बायको, आमची काकी, वारल्यापासून त्यांच्याकडे कुणी येत नव्हतं, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. माझं डोकंच सणकलं.

"आम्हाला मानगूट धरून इथे आणता ना? मग स्वतःसाठी एक दार ठोठावता येत नाही? हात मोडले होते?" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की आतला पेशंट दचकला.

मला वाटलं, आता उलटून शिव्या बसणार. तात्या खाली बघत पुटपुटले, "तुमका सगळ्यांका कामाधंदे असतत रे."

"कुठेय तो भाचा?" बाईंनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं. "बसवा त्यांना खुर्चीत."

इंजेक्शन देताना तात्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की हाताला मुंग्या आल्या. दाढ निघाली तरी त्यांनी ते सोडलं नाही.

रिक्षात बसल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "दुखतंय का, तात्या?" त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. भूल अजून उतरली नव्हती. मग मी घरापर्यंत प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्यावर ओरडत राहिलो.