तरसाच्या लेकीने केलेलं नाटक

एका जंगलात, बाळांनो, एक सिनेमा होता. वाघ-सिंह होतेच, ते सगळीकडे असतात. पण या जंगलात सिनेमा होता आणि त्याचा मान वाघाहून मोठा होता.

सिनेमाचं नाव 'माय हरणाई'. मागच्या पिढीत वानरराव नावाच्या एका माकडाने तो काढला होता. गोष्ट साधी. हरणाईचं पाडस एक दुष्ट तरस पळवतो. हरणाई रडते, रानोमाळ फिरते. श्रावणातला शुक्रवार येतो. ती जिवतीची पूजा करते, चार दिशांना अक्षता टाकते आणि म्हणते, माझं बाळ असेल तिथे सुखी असो. तोच झुडपातून पाडस धावत येतं. एवढंच. पण एवढ्यावर जंगल दर वर्षी पदर भिजवायचं.

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी दोन पळसांमध्ये पांढरं कापड बांधायचं आणि त्यावर सिनेमा दाखवायचा, अशी रीत होती. येताना उपाशीपोटी यायचं. वहाणा काढून बसायचं. ज्यांना वहाणा नव्हत्या त्यांनी पाय पुसून बसायचं. आणि पडद्यावर हरणाईने अक्षता टाकल्या की सगळ्यांनी आपापल्या मुठीतल्या अक्षता पडद्यावर टाकायच्या. मग पाडस यायचं.

दर वर्षी यायचं. त्यामुळे आपण अक्षता टाकतो म्हणूनच ते येतं, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. एकदा एका सशाने विचारलं होतं, की नाही टाकल्या तर? त्याला सगळ्यांनी गप्प केलं. पाडसाच्या जिवाशी खेळ नको.

आता त्या तरसाचं ऐका. त्याचं काम भिवबा तरसाने केलं होतं. काम इतकं छान केलं, इतकं छान केलं, की बिचाऱ्याचं वाटोळं झालं. तो दिसला की आया लेकरं पोटाशी धरत. पाणवठ्यावर सगळ्यांचं पिऊन झालं की मग त्याची पाळी. तो खातो काय, झोपतो कुठे, कोणी विचारलं नाही. (तरस काय खातो हे तुम्हीही विचारू नका. बोधकथेत सगळे शाकाहारी असतात.) असाच एक दिवस तो गेला. मागे राहिली लेक, द्वारका.

द्वारकेचं एकच मागणं होतं. श्रावणाच्या शेवटच्या शुक्रवारी रानम्हशीच्या, म्हणजे भागाकाकूंच्या घरी हळदीकुंकू असे. भागाकाकू जंगलातल्या सगळ्यांत थोर बाई. त्यांचा शब्द खाली पडत नसे. साऱ्या सवाष्णींना, लेकीबाळींना त्यांच्याकडून बोलावणं जाई. ओटी भरत, केशराचं दूध आणि फुटाणे देत. बोलावणं घेऊन साळुंकी घरोघर फिरे आणि द्वारकेच्या दारावरून पुढे जाई. द्वारका मात्र दर वर्षी अंगण सारवून, रांगोळी काढून, चांगलं लुगडं नेसून बसे. संध्याकाळी लुगडं घडी घालून ठेवी. तिला एकदा काकूंच्या पाटावर बसायचं होतं. स्वतःसाठी थोडं आणि वडिलांसाठी जास्त.

त्या वर्षी तिने ठरवलं, की वाट पाहून बोलावणं येत नाही तर नाटक करून बघू. सिनेमा कसा झाला याचंच नाटक.

कारण वडिलांनी तिला सगळं सांगितलं होतं. शेवटचा प्रसंग घेताना पाडस हरणाईकडे जाईचना. वानररावांनी सोडलं की ते थेट तरसाकडे धावे. का? तर भिवबाच्या कनवटीला सदा गुळाचा खडा असे, आणि पाडसाला भूक लागली की तो सगळ्यांची नजर चुकवून भरवी. पाडसाला काय कळतंय, हा दुष्ट आहे म्हणून? त्याला गूळ कळत होता. वानरराव चिडून 'पुन्हा' म्हणत. पुन्हा अक्षता, पुन्हा रडणं आणि पुन्हा पाडस तरसाच्या मांडीवर. शेवटी भिवबाच हरणाईच्या मागे जाऊन लपून बसला, तेव्हा कुठे पाडस तिकडे धावलं. सारं जंगल ज्या धावण्यावर रडत होतं, ते धावणं भिवबाकडे होतं.

आता हे लोकांना दाखवलं की झालं, असं द्वारकेला वाटलं. भोळी होती. पण भोळेपणाशिवाय व्रत पुरं होत नाही आणि नाटक उभं राहत नाही.

तरसाचं काम तिने स्वतः घेतलं. हरणाईला एक हरिणी मिळाली, पाडसाला गुंडू नावाचं खरंच पाडस मिळालं. वानररावांचं काम मात्र कोणी घेईना, कारण त्यात ओरडायचं होतं. शेवटी शेजारचा नारबा साळिंदर तयार झाला. नारबा इतका मऊ बोले, की त्याच्या अंगावर काटे आहेत हे लोक विसरत. ओरडायचा सराव करायला तो गुहेत जाई, आणि प्रतिध्वनी आला की त्यालाच 'माफ करा हं' म्हणे. त्याची बायको मथुरा त्याच्यासाठी मधाचं पाणी घेऊन गुहेच्या तोंडाशी उभी राहायची.

पहिला प्रयोग दुसऱ्या शुक्रवारी दुपारी होता.

प्रयोगाआधीच कोल्होबांच्या भावना दुखावल्या. आधी नाटक बघा तरी, असं कोणी म्हटलं तर ते म्हणाले, की पाहिल्यावर त्या दुखावणारच आहेत, मग पाहण्याचे कष्ट कशाला? जंगलात समीक्षा लिहिणारे घुबडशास्त्री पुढच्या फांदीवर बसले होते. दुपारची वेळ असल्याने त्यांचे डोळे मिटलेले होते. नाटकात अंधार फार आहे, असं त्यांनी नंतर लिहिलं.

बाकी जंगल आलं. उपाशीपोटी, पाय पुसून, मुठीत अक्षता घेऊन. नाटक झालं म्हणून काय झालं, हरणाई ती हरणाईच.

पहिला भाग बरा गेला. वानरराव कॅमेऱ्याचं डबडं घेऊन येतात, भिवबाला तरसाच्या कामाला निवडतात, तो लाजतो. लोक हसले. मग तो शेवटचा प्रसंग आला. हरिणीने अक्षता टाकल्या. समोरच्या सगळ्यांनी टाकल्या. गुंडू धावत आलं आणि तरसाच्या मांडीवर जाऊन बसलं.



"पुन्हा," नारबा ओरडला.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. अक्षता टाकूनही पाडस आईकडे गेलं नाही, असं कधी झालं नव्हतं. काहींनी जमिनीवरच्या अक्षता गोळा केल्या. दुसऱ्यांदा टाकल्या. गुंडू पुन्हा तरसाकडे.

"पुन्हा."

खारीण हुंदके देऊ लागली. एक अस्वल म्हणालं, की तरसाने बाळाला काहीतरी करणी केली आहे. मागून कोणीतरी म्हणालं, "करणी कसली, गूळ दाखवतोय. मेल्याच्या हातात गूळ आहे, मी बघितला."

बघा, बाळांनो. गूळ सगळ्यांना दिसला. पण तो भरवणाऱ्याचा न दिसता पळवणाऱ्याचा दिसला.

तिसऱ्यांदा गुंडू तरसाकडे वळलं तेव्हा लोकांना राहवलं नाही. भागाकाकू उठल्या. त्या उठल्या म्हणून सगळे उठले आणि रंगमंचावर चढले. काकूंनी पाडस उचललं, हरिणीच्या कुशीत ठेवलं, तिथेच दोघांना ओवाळलं. तरसाला ढकलून पडद्यामागे पाठवलं. नारबाने पुढचं वाक्य म्हणायचा प्रयत्न केला, पण त्याच्या तोंडात कोणीतरी प्रसाद घातला. पाडसाला आपण प्रत्यक्ष वाचवलं, याचा सगळ्यांना फार आनंद झाला. इतका चांगला सिनेमा आजवर पाहिला नाही, असं म्हणत ते घरी निघाले.

द्वारका पडद्यामागे बसून मिशा काढत होती. मिशा डिंकाने चिकटवल्या होत्या, निघत नव्हत्या. तिला वाटलं, आपण होतं तेही घालवलं. आता नुसती तरसाची लेक नाही राहिलो, आता तरसच झालो.

इकडे गुंडू हरिणीच्या कुशीत राहीना. नाटक संपलं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सुरू झालं होतं हेही त्याला माहीत नव्हतं. हरिणीने धरलं, तर निसटलं. काकूंनी धरलं, तर त्यांच्या शिंगाखालून सटकलं. पडद्याखालून आत घुसून ते थेट द्वारकेच्या मांडीवर चढलं आणि तिच्या अर्ध्या निघालेल्या मिशा चाटू लागलं. डिंक गोड होता.

काकू त्याच्या मागे आत आल्या. नाटक बघताना त्या ओरडत होत्या. आता मात्र त्या मांडीकडे बघत उभ्या राहिल्या. चार लेकरं वाढवलेली बाई ती. लेकरू कुठे कसं बसतं, हे तिला कळत होतं.

"खरंच असंच झालं होतं?" काकूंनी विचारलं.

"बाबांच्या मांडीवरून उठायचं नाही ते," द्वारका म्हणाली. "कामं संपल्यावर त्याची आई त्याला घेऊन गेली, तर बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तुम्ही सगळे सिनेमा बघून रडता ना काकू, तसे बाबाही दर वर्षी रडायचे. लांब, त्या टेकडीवरून बघायचे. अक्षताही टाकायचे. पण तिथून पडद्यापर्यंत पोचायच्या नाहीत."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचं मन मोठं होतं, फक्त वळायला जागा जास्त लागत असे. एकदा वळलं की मात्र वाटेत काही उभं राहत नसे.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पाणवठ्यावर सांगितलं, की भिवबासारखा जीव या जंगलात झाला नाही. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांचंच मत होतं. तिसऱ्या दिवशी ते सगळ्यांचं पहिल्यापासूनचं मत होतं. पुढच्या प्रयोगांना उभं राहायला जागा मिळेना. गुंडू तरसाकडे धावलं की लोक आता अक्षता तरसावर टाकत. कोल्होबांनी नाटक अजून पाहिलं नव्हतं, पण आता भिवबाची इतकी वर्षं उपेक्षा झाली म्हणून त्यांच्या भावना दुखावल्या होत्या. घुबडशास्त्रींनी लिहिलं, की नाटकातला अंधार अर्थपूर्ण आहे.

आणि श्रावणाच्या शेवटच्या शुक्रवारी साळुंकी द्वारकेच्या अंगणात उतरली.

द्वारका गेली, तर पहिला पाट तिला. भोवती रांगोळी. काकूंनी स्वतः हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. खारीण जवळ सरकून म्हणाली, "तुझे बाबा मला लहानपणी काका वाटायचे हो." द्वारकेला हसू आलं आणि रडूही. केशराच्या दुधाचा पेला हातात आला. ती तो तोंडाला लावणार, तोच कुंपणापलीकडे तिला मथुरा दिसली. साळिंदराची बायको. चांगलं लुगडं नेसून आली होती आणि बाहेरच उभी होती.

"मथुरावहिनी बाहेर का?" द्वारकेने विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग खारीण हळूच म्हणाली, की तिच्या नवऱ्याने हरणाईला किती छळलं ते आपण पाहिलंच ना. माय रडतेय, बाळ रडतंय, आणि हा आपला 'पुन्हा, पुन्हा'. काळीज नाही मेल्याला. अंगावर काटे उगाच येतात का?

"अहो, ते वानररावांचं काम करत होते," द्वारका म्हणाली. "ओरडले ते वानरराव."

हे मात्र कोणाला पटेना. वानररावांची तसबीर काकूंच्या देवघरात होती, तिला रोज हार होता. ते ओरडले असतील हे शक्यच नव्हतं.

"भाबडी आहेस तू," काकू मायेने म्हणाल्या. "तुझे वडील नुसतं काम करत होते, ते आम्हाला कळलं. पण नारबा खराच ओरडत होता गं. आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं."

द्वारका पाटावर बसून राहिली. खोटं कशाला सांगू, बाळांनो, आज माझा उपास आहे. ती लगेच उठली नाही. पाट गुळगुळीत होता, दूध ऊन होतं, आणि त्या पाटासाठी तिने अख्खं नाटक उभं केलं होतं. आत्ता गप्प बसलं की दर श्रावणात पाट तिचा.

मग तिने पेला उचलला, फुटाण्यांचा द्रोण उचलला, हळदीकुंकवाचं तबकही उचललं आणि कुंपणाबाहेर गेली. मथुरेला कुंकू लावलं. मथुरा म्हणाली, की अगं तुझा पाट जाईल. द्वारका म्हणाली, जाऊ दे, मांडी अवघडली होती. दोघी बाहेर गवतातच बसल्या आणि एका पेल्यातलं दूध प्याल्या. मथुरेने सांगितलं, की परवा घरी वरण सांडलं तेव्हा नारबा सवयीने 'पुन्हा' म्हणाला आणि मग तासभर वरणाची माफी मागत बसला. दोघी इतक्या हसल्या, की आत ऐकू गेलं.

आत बायका म्हणाल्या, बघा, तरसाचीच लेक. वाईटाला जवळ करणारच.

 भागाकाकूंनी दुधाच्या पातेल्यात पाहिलं. दूध उरलं होतं, आणि श्रावणाच्या शुक्रवारी दाराशी आलेली सवाष्ण अर्ध्या पेल्यावर परत जाऊ नये, हे त्यांनी कधी मोडलं नव्हतं. पातेलं घेऊन त्या कुंपणापर्यंत गेल्या. एक पाय बाहेर टाकला. दुसरा मात्र, लोक काय म्हणतील म्हणून, आतच ठेवला. आणि तशाच वाकून त्यांनी पेला भरला. एकदा द्वारकेसाठी, आणि तोंड जरासं दुसरीकडे वळवून, एकदा मथुरेसाठी.

तात्पर्य : चांगलं नाटक पाहून प्रेक्षक सुधारतो, यात शंका नाही, फक्त सुधारल्यावर त्याला रागवायला कोणीतरी नवीन लागतं. म्हणून बाळांनो, नाटकात काम मिळालं तर झाडाचं मागून घ्या. झाडाला अजून तरी कोणी हळदीकुंकवातून वगळलेलं नाही.