कुमुदमावशींची मींड आणि पिंटूची जिम

कुमुदमावशी डंबेल तीनतालात उचलतात.

गंमत म्हणून सांगत नाहीये. त्यांचा जिमचा ट्रेनर पिंटू म्हणतो, "मौसीजी, बस पंद्रह मारिए," आणि मावशींचा चेहरा कडू होतो. पंधरावर थांबणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं, असं त्यांचं मत. तीनतालाच्या मात्रा सोळा. पण सोळाव्या मात्रेवरही थांबता येत नाही, कारण सम, म्हणजे आवर्तन जिथे पुरं होतं ती जागा, तिच्या पुढच्या मात्रेवर. म्हणून मावशी सतरा वेळा डंबेल उचलतात, सतराव्याला मान डोलावतात आणि मगच ते खाली ठेवतात. शेजारी घाम गाळणारी दोन-तीन पोरंही आता सतरावर थांबायला लागली आहेत. का, ते त्यांना सांगता येत नाही.

मावशी सदुसष्ट वर्षांच्या, अंगाने काडी, सतार शिकवणाऱ्या, आणि ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या. घराणं मूळचं कोकणातलं, पण काशीत इतक्या पिढ्या गेल्या की कोकणाशी आता फक्त आडनावापुरता संबंध. मावशी तिकडे एकदाच गेल्या, आणि दमट हवेत सतार उतरते म्हणून वैतागून लगेच परत आल्या.

आमची ओळख बँकेत झाली. मी साताऱ्याहून बदली होऊन नुकताच बनारसला आलो होतो. माझ्या टेबलावरचं ठसे घेणारं मशीन एका बाईंचं बोट काही केल्या घेईना. डाव्या हाताची पहिली दोन बोटं सतारीच्या तारेने अशी चिरली होती की तिथे ठसाच उरला नव्हता. आडनाव मराठी दिसलं म्हणून मी मराठीतच म्हटलं, "दुसरं एखादं बोट ठेवा ना." मराठी माणूस भेटला म्हणून आनंद होण्याऐवजी बाई भडकल्या.

"का म्हणून? ही दोन बोटं माझी आहेत. बाकीची नुसती हाताला लटकलीयेत!"

शेवटी मिनतवाऱ्या करून उजवा अंगठा मिळवला. जाताना त्यांनी टेबलावरून माझाच हात उचलला, कोथिंबिरीची जुडी बघावी तसा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "बोटं लांब आहेत. बेकार चाललीयेत. गुरुवारी ये."

तेव्हापासून मी दर गुरुवारी संध्याकाळी जातो. कधीकाळी त्यांच्याकडे शिष्यांची रीघ असायची, परदेशीसुद्धा. आता मी एकटा उरलो आहे. मावशींवर काय वेळ आली होती, ते यावरून लक्षात यावं.

गेल्या दिवाळीत तर फारच वाईट झालं. सतारीच्या पडद्यावर बोट ठेवून तार बाजूला खेचली की सूर चढत जातो. ही मींड. मला ती दोन सुरांपर्यंत जमते, तीही तोंड वाकडं करून. मावशींचे वडील अण्णा यमनची एक गत वाजवायचे. तिच्यात एका जागी तार खेचून थेट पाचव्या सुरापर्यंत न्यायची. ही गत त्यांनी फक्त लेकीला दिली होती. ती आता मला द्यायची म्हणून मावशी बसल्या, तार खेचली, चौथ्या सुरावर बोट थरथरलं आणि तार सुटली. पुन्हा खेचली, पुन्हा सुटली. मग त्यांनी सतार गवसणीत घातली.

"लिहून ठेवू या का?" मी विचारलं.

"कागद वाजतो का रे? माझ्या हातून निघाली तर तुझ्या हातात जाईल. नाहीतर माझ्याबरोबर मणिकर्णिकेवर जळेल."

डॉक्टरांनी वय झाल्याचं सांगून सतार बंद करायला सांगितलं. मावशींनी डॉक्टर बंद केले.

मी धीर द्यायचा म्हणून बोलून गेलो, "मग आता जिमच लावा मावशी." विनोद करताना समोर कोण बसलंय ते माणसाने पाहावं. दुसऱ्या दिवशी सकाळीच, संकठा घाटाजवळच्या माझ्या बिऱ्हाडाच्या दारात मावशी उभ्या. पाचवारी कमरेला खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, हातात नारळ.

"चल. गुरू करायचाय."

चौखंब्याच्या गल्लीत एका साड्यांच्या गोदामावर ही जिम आहे. भिंतभर आरसा आणि आरशाशेजारी बजरंगबली. पिंटू पंचविशीचा, दंड माझ्या मांडीएवढे. मावशींनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "आपके गुरु कौन हैं?"

"गुरु? हम तो मोबाइल पर देख-देख के सीखे हैं, मौसीजी."

"अरेरे, निगुरा आहे रे हा!" मावशी माझ्याकडे वळून हळहळल्या. ज्याला गुरू नाही तो निगुरा. गाण्याबजावण्यातल्या माणसांकडे याहून जहाल शिवी नसते. पण तेवढ्यात पिंटूने एका पोराचं कोपर नुसत्या दोन बोटांनी सरळ केलं, आणि ते मावशींनी पाहिलं. "हात मात्र बढिया लावतो," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी पिशवीतून लाल धागा काढून त्याच्याकडून आपल्या मनगटावर रीतसर गंडा बांधून घेतला. चणे आणि गूळही आणले होते. ते गुरूने शिष्याला भरवायचे असतात. पिंटूने मुकाट्याने ते स्वतःच खाऊन टाकले.

पहिला महिना भयंकर गेला. मावशी डंबेल असं काही आवळून धरायच्या की जणू कुणी पळवून नेणार आहे. बोटं सुजली. उजव्या बोटात तारेची नखी, म्हणजे मिजराब, चढेना. तळव्याला घट्टे पडतील या भीतीने त्या लोकरीचे हातमोजे घालून व्यायाम करू लागल्या आणि त्यातून डंबेल निसटून पिंटूच्या पायावर पडलं. एका गुरुवारी मला म्हणाल्या, "आज खाली तार आहे की सुतळी, मला पताच चालत नाहीये." त्या दिवशी चौथा सूरही आला नाही. मला रडू यायचं बाकी होतं. मीच हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं होतं.

मग पिंटू एका गुरुवारी संध्याकाळी लंगडत मावशींच्या घरी आला. सतारीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तो ऐकत बसला नाही, नुसता बघत बसला. मावशी तार खेचत असताना त्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि त्यांनाच दाखवला. उजवा खांदा ठीक होता, डावा पार कानाला टेकला होता.

"कंधा क्यों उचका रही हैं, मौसीजी? सारा बोझ उंगली पर आ रहा है."

मावशींनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "ही बाई कोण आहे? हिला मी सतार बजावू दिली नसती."

तिथून पुढे दोघांनी मिळून नवा रियाज बसवला. जड डंबेल गेले, हलके आले. पकड सैल. जोर पाठीला आणि खांद्याला, रबरी पट्टा ओढून. सकाळी व्यायाम, मग दिवसभर बोटांना आराम आणि संध्याकाळी सतार. मावशींनी एकच अट घातली, सतरा म्हणजे सतरा.

होळीच्या आधीच्या गुरुवारी मावशींनी यमन काढला. त्या जागेपाशी आल्या. खांदा खाली होता. तार निघाली, दुसरा, तिसरा, चौथा, आणि मग अगदी सावकाश, कुठेही न थरथरता, पाचवा. तिथे तो सूर कितीतरी वेळ राहिला. माझे डोळे भरून आले. चुकून आला असेल असं वाटून की काय, मावशींनी तो पुन्हा काढला आणि म्हणाल्या, "हं. आता तू."

माझी तार तिसऱ्या सुरावरच सुटली, पण मी खुशीत होतो. "जिंकलात मावशी! आता जिमची कटकट संपली."

मावशी तारा पुसत बसल्या.

पिंटूला पेढे द्यावेत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. जिना चढतोय तोच वरून आरोळी आली, "प्रणाम मौसी! आज लेट?" कुणी त्यांची पिशवी घेतली, कुणी पंखा त्यांच्याकडे वळवला. पिंटूने विचारलं, "वो पाँच सुर वाला हुआ, मौसीजी?"

"कहाँ, भइया! चार पर ही अटका है. अभी बहुत टाइम लगेगा."

मी तोंड उघडलं. मावशींनी कॅनव्हासचा बूट माझ्या पायावर ठेवला आणि चांगला दाबला. पेढे पिशवीतच राहिले.

परतताना गल्लीत मी म्हटलं, "मावशी, तुम्ही चक्क खोटं बोललात!"

त्या थोडं चालल्या. मग समोर बघतच म्हणाल्या, "तू गुरुवारी येतोस. बाकी दिवस माझ्या घरात कुणी बोलत नाही रे. जिमला एक दिवस नागा झाला की पोरं फोन करतात, मौसी, तबियत ठीक? हात बरा झाला म्हटलं तर पिंटू म्हणेल, चलो मौसीजी, छुट्टी. मग मी सकाळी उठून कुठे जाऊ?"

इतके गुरुवार मी त्या घरात बसत होतो, आणि माझं सगळं लक्ष माझ्या बोटांकडे होतं.

"मी रोज संध्याकाळी आलो तर?"

मावशी थांबल्या. मी थट्टा करतोय का ते पाहिलं.

"बोटं फाटतील तुझी."

"फाटू देत."

"मग आजपासूनच ये," त्या म्हणाल्या आणि भराभर चालू लागल्या. चार पावलांवरून वळून पुन्हा बजावलं, "पण पिंटूला यातलं काही बोलायचं नाही, समझलास?"