दृश्य संरक्षित आहे

विमा कंपनीतल्या एका शाखाधिकाऱ्याने डोंगरावरची उंच खिंड पाहायला जायचे ठरवले. यामागे निसर्गाची ओढ होती असे म्हणणे निसर्गावर अन्यायाचे होईल. त्याचा साडू गेल्या उन्हाळ्यात तिथे जाऊन आला होता, आणि तेव्हापासून सासुरवाडीच्या प्रत्येक पंगतीत "वर हवा विरळ असते बरं का" एवढे एकच वाक्य टाकून सगळ्यांचे लक्ष लुटत होता. साडूने आपल्या आईला मात्र नेले नव्हते. मात करायला तेवढीच एक फट शिल्लक होती. अधिकाऱ्याने बायकोच्या शेजारी आईलाही गाडीत बसवले.

"अरे, मला जिना चढताना धाप लागते," आई म्हणाली.

"चढायचंय कुठे, आई? चढणार गाडी. तू नुसतं बसायचंस."

युक्तिवाद बिनतोड होता. आई बसली.

वळणामागून वळणे घेत गाडी वर पोचली, तेव्हा समोर एक भिंत होती. दोन पुरुष उंच, भक्कम, आणि खिंडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'दृश्य संरक्षित आहे. डोकावू नये.'

"दृश्य कुठंय?" अधिकाऱ्याने पहारेकऱ्याला विचारले.

"भिंतीपलीकडे, साहेब. पूर्वी नुसता कठडा होता. लोक वाकून बघायचे, मग पडायचे. म्हणून भिंत बांधली. तर लोक भिंतीवर चढून पडायला लागले. म्हणून वाढवली. आता कुणी पडत नाही."

"पण काही दिसतही नाही!"

"तशी तक्रार आली होती. म्हणून खात्याने दृश्याचा फोटो लावलाय. हा काय पुढे. या रांगेतनं जायचं, फोटोसमोर फोटो काढायचा आणि पलीकडच्या रस्त्याने उतरायचं. रस्ता एकेरी आहे."

हे इतके रीतसर होते की अधिकाऱ्याला वाद घालायला जागाच सापडली नाही. गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. पुढच्या गाडीतले कुटुंब टोप्या बदलून बदलून सराव करत होते.

"अहो," मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "आईंचे ओठ निळे दिसताहेत."

अधिकाऱ्याने आरशात पाहिले. आई खिडकीच्या काचेला डोके टेकून श्वास गोळा करत होती, जमिनीवर सांडलेले दाणे वेचावेत तसा. तो धावत आरोग्य कक्षाकडे गेला. कक्षाला कुलूप होते आणि कुलपावर पाटी: 'या उंचीवर कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीस अपाय होत असल्याने आरोग्य कक्ष पायथ्याशी हलवला आहे.'

"प्राणवायूची नळकांडी तरी असेल?" त्याने पहारेकऱ्याला गाठले.

"आहे ना. पण ती आणीबाणीसाठी."

"मग ही काय आहे?"

पहारेकऱ्याने गाडीत डोकावून आईचे निरीक्षण केले. "आजी अजून बसून आहेत, साहेब. आडवं पडल्याशिवाय आणीबाणी धरत नाहीत."

एवढ्यात मागच्या टेम्पोचा चालक खाली उतरून आला. "साहेब, रस्ता एकेरी असला तर असू दे. मी मागे घेतो, बाकीच्यांनाही सांगतो. तुम्ही गाडी वळवा. म्हातारीला आधी खाली न्या."

"वळवा हो!" बायको ओरडली.

अधिकाऱ्याने स्टिअरिंगला हात लावला, आणि त्याच क्षणी टोप्यांचे कुटुंब पुढे सरकले. आता मधे कुणीच नव्हते. समोर फोटो होता: निळे आकाश, पांढरी शिखरे, आणि खात्याच्या मंत्र्यांची हात जोडलेली छबी. त्याला पंगत आठवली.

"दोन मिनिटं, आई," तो म्हणाला. "फक्त दोन मिनिटं दम धर."

"काय धरू?" आईने विचारले. तिच्याकडे धरायला काही उरले नव्हते.

दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी उचलून उभे केले. बायकोच्या डोळ्यांत पाणी होते, पण खांदा तिनेही दिला. तिथला फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा हसा की!" आईने हवेसाठी तोंड उघडले. फोटोवाल्याला ते हसू वाटले. त्याने बटण दाबले.

पायथ्याच्या कक्षात नाकाला नळी लावल्यावर आईच्या चेहऱ्यावर रंग परतला. मुलगा जवळ येऊन बसला, तेव्हा ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पुन्हा फोटो हवा असेल तर घरीच काढ. मी तोंड उघडून दाखवीन."

बायको परतीच्या वाटेवर त्याच्याशी बोलली नाही. बोलली असती तरी त्याला ऐकू आले नसते, कारण घरी पोचायच्या आतच फोटो चढवला गेला होता आणि मोबाईल सारखा किणकिणत होता. मथळा होता: 'आईला आभाळ दाखवलं'. कुणी लिहिले, निरागस हसू. कुणी लिहिले, असा मुलगा भाग्यानेच मिळतो. एका गृहस्थांनी तर आपण स्वतः रडलो असे कळवले.

फोटो फिरत फिरत तुमच्यापर्यंतही आला असेल. बदाम तुम्हीही दिला असेल. आणि म्हातारीच्या ओठांचा रंग न बघता खाली विचारलेही असेल: 'वा! रस्ता कसा आहे?'