कंबरमोडीचं बारसं

एका जंगलात वाघोबाचं राज्य होतं. म्हणजे वाघोबा झोपायचे आणि कोल्हा राज्य करायचा. हसू नका. नाकं पुसा आणि ऐका.

एकदा वाघोबाच्या पंजात बांबूचा खुंट घुसला. रक्ताची धार लागली. दरबार गोळा झाला आणि हळहळायला लागला. हळहळण्यात दरबार फार हुशार.

घोरपडमावशीचं पोट सदा जमिनीला, म्हणून पायाखालचं तिलाच दिसायचं. ती म्हणाली, "अरे, उभे कशावर आहात? कंबरमोडी आहे ती. पाला चोळा, रस पिळा जखमेवर. रक्त थांबतं."

कोल्ह्याने कान टवकारले. "काय नाव म्हणालीस?"

"कंबरमोडी."

"ऐकलंत महाराज? तुमची कंबर मोडायला निघालीय ही."

"मेल्या, नाव आहे ते. रक्त बघ की."

"मेल्या म्हणाली. राजासमोर मरणाची भाषा."

झालं. मावशीला वेलींनी झाडाला बांधलं. राजा जगला तर सोडायची, मेला तर सोलायची, असं ठरलं.

वाघोबा कण्हले, "लावा रे तो पाला."

"लावू की महाराज. पण आधी नाव बदलू. असल्या नावाचं औषध राजाच्या अंगाला शोभत नाही."

नामकरण समिती बसली. माकडाला संस्कृत येत होतं, असं माकडच सांगायचं. अस्वलाला नावात 'राज' हवं होतं, मोराला 'श्री'. मधे चहा झाला.

मावशी बांधल्या जागेवरून ओरडली, "आधी पिळा रे, बारसं मागनं घाला."

तिला कोण विचारतंय?

शेवटी नाव ठरलं : श्रीराजव्याघ्रकटिसंवर्धिनी. पाला खुडण्याआधी ते सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. 'कटि'पाशी सगळे अडखळायचे. की पुन्हा पहिल्यापासून. नाव निम्म्यावर आलं आणि वाघोबा पुरे झाले.

कोल्हा राजा झाला. पहिलं काम म्हणून मावशीला सोलायला धावला. तो खुंट अजून तिथंच होता, कारण खुंटासाठी समिती नेमलीच नव्हती. घुसला पंजात. धार लागली.

"मावशी," कोल्हा विव्हळला, "पाला तेवढा दाखव गं. वेली तोडतो तुझ्या."

त्याने वेली तोडल्या. मावशी पाल्यावर पोट टेकून बसली.

"देते की. आधी नाव म्हण राजा. सबंध."

तात्पर्य : मुलांनो, जखमेवर आधी चांगलंसं नाव लावावं. रक्त थांबत नाही, पण दरबार खूश राहतो.