ढोबळ्यांचा निरोप

आमच्या ऑफिसातले शामराव ढोबळे निरोप सांगताना मूळ माणसाचा खोकलासुद्धा खोकून दाखवत. एकदा माझ्या टेबलाशी येऊन अदबीनं म्हणाले, "साहेब म्हणून राहिले, त्या गाढवाले बोलवा. जसंच्या तसं आणलं गा, माझ्या पदरचं काही नाही."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे युनिक्सवाले कॉम्प्युटर आले. हिशेबखात्याचं नेटवर्क वेगळं, वाडीच्या गोदामातल्या ऑफिसचं वेगळं, एकाला दुसऱ्याची खबर नाही. ते जोडायचं काम अर्थातच ढोबळ्यांकडे आलं. त्यांनी मध्ये एक मशीन ठेवलं, त्यात नेटवर्कची दोन कार्डं बसवली, एकात इकडची तार, दुसऱ्यात तिकडची, आणि कमांड देऊन दोन्ही कार्डांची गाठ मारली.

"या कार्डांना नेटवर्कवरचा पत्ता नाही दिला?" मी विचारलं.

"मधातल्याले पत्ता काहून लागते? इकडचं तिकडं सोडाचं, बस."

काम झकास चाललं. मग साहेबांनी, असू द्या आधाराला म्हणून, शेजारी तसंच दुसरं मशीन जोडायला लावलं. एकच निरोप दोघांमधून गरागरा फिरत राहिला आणि सगळं ठप्प! ढोबळ्यांनी कपाळाला हात लावला. "साहेब, एका सोयरिकीत दोन मध्यस्थ घातले तुम्ही! हा त्याले सांगून राहिला, अन् तो पुन्हा यालेच!" त्यांनी दुसरं मशीन काढलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

एका रविवारी ते मला स्कूटरवर खापरखेड्याला घेऊन गेले. तिथे त्यांचे थोरले भाऊ वीजकेंद्राच्या कॉलनीत राहत. स्वतःच्या लग्नावरून त्यांचं आईशी बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. आम्ही निघताना भाऊ माझ्यादेखत ढोबळ्यांना म्हणाले, "सांग तिले, मी त्या घरची पायरी चढणार नाही."

आता हे नंदनवनातल्या घरी त्यांच्या म्हातारीला जसंच्या तसं ऐकावं लागणार!

आई दारातच बसली होती. "काय म्हणे गा मोठा?"

"तुझ्या गुडघ्याचं विचारून राहिला होता. उन्हात फिरू नको म्हणे," ढोबळे म्हणाले.

ढोबळे हातपाय धुवायला मागे गेले. आई हळूच म्हणाली, "मोठ्याले माझ्या गुडघ्याचं ठाऊकच नाही, बापू. हा दर रविवारी खोटं बोलते. पण तू त्याले सांगू नको. मले तेवढंच ऐकाले भेटते."

तेवढ्यात तोंड पुसत ढोबळे आले. "काय म्हणून राहिली होती आई?"

"चहात साखर किती, एवढंच."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं," मी म्हणालो.