तुतीवरची लाल फुली

शनिवारी सकाळी चष्मेवाल्यांनी फाटकाला लावून उरलेला लाल रंग घेतला आणि घरासमोरच्या तुतीच्या झाडावर छातीएवढ्या उंचीवर चांगली हातभर फुली मारली. त्यांची बायको गाडी शिकत होती. गाडी मागे घेताना कुठं थांबायचं ते तिला कळत नव्हतं आणि मागचा दिवा दोनदा फुटला होता.

"ही फुली आरशाच्या मधोमध आली की ब्रेक," त्यांनी सांगितलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना 'आता वाचा, आता कसं दिसतंय' असं विचारणाऱ्या माणसाला सुचावा असाच तो उपाय होता. बायको तीन वेळा बरोबर थांबली. चष्मेवाले स्वतःवरच खूश होऊन दुकानात गेले.

संध्याकाळी परतले तर झाडाभोवती तीसेक माणसं उभी. मधोमध त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. तिला घरीदारी सगळे ठिणगी म्हणत. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून परिसरातल्या प्रश्नांवर एक पाठपोट छापलेला साप्ताहिक अंक काढत. त्या दिवशी ती पहाटेच नाल्यावरच्या फेसाचे फोटो काढायला गेली होती आणि दुपारी परतताना तिला तोडायच्या झाडांवर मारतात तसली फुली दिसली. चार वाजेपर्यंत विशेष अंक घरोघरी पोचला होता. मथळा होता, 'तुतीच्या कपाळी लाल फुली! रस्तारुंदीचा आणखी एक बळी?'

तळमजल्यावरच्या काकू खोडाला मिठी मारून उभ्या होत्या. या झाडाच्या फळांनी वाळत घातलेले कपडे डागाळतात म्हणून ते तोडून टाका, असा धोशा त्यांनी बारा वर्षं लावला होता. "लेकरासारखं वाढवलंय हो आम्ही याला!" त्या म्हणत होत्या.

चष्मेवाले मान खाली घालून घरात शिरले.

"सांगून टाकू का?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"सांगा. पण आधी जेवून घ्या. नंतर कुणी वाढेल असं वाटत नाही."

तेवढ्यात ठिणगी आत आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "बाबा, आज पहिल्यांदा लोकांनी आमचा अंक शेवटपर्यंत वाचला! फेसाच्या बातमीवर काकूंनी पोळपाट ठेवला होता. आज त्यांनी जास्तीच्या पाच प्रती मागून नेल्या!"

"खात्री केलीस ना बातमीची?" चष्मेवाल्यांनी चाचरत विचारलं.

"मग! उद्यान विभागाला फोन केला. ते म्हणाले, आम्हाला काही माहीत नाही. म्हणजे लपवतायत!"

चष्मेवाल्यांनी उघडलेलं तोंड घास घालून बंद केलं.

सोमवारी त्यांनी दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि थेट उद्यान विभाग गाठला. कारकुनासमोर अर्जांचा ढीग होता.

"त्या तुतीबद्दल आलोय. ते झाड कुणी तोडणार नाहीये."

"तेच तर दुखणं आहे," कारकून म्हणाला. "तोड थांबवा म्हणून सत्तावीस अर्ज आलेत. साहेबांनी लेखी थांबवायला सांगितलंय. पण आमच्याकडे तोडीचा आदेशच नाही. मग थांबवू काय?"

"आदेश नाही, असं कळवा ना."

"त्याचा नमुना नाही. स्थगितीचा आहे. त्यात वरच तोडीच्या आदेशाचा क्रमांक लिहावा लागतो. म्हणून आधी तोडीचा आदेश काढतोय. बुधवारी तो निघेल, गुरुवारी स्थगिती. दोन उलटसुलट कागदांवर साहेब एका दिवशी सही करत नाहीत."

चष्मेवाले टेबलावर वाकले. "अहो, पण ती फुली... समजा एखाद्या साध्या माणसानं सहज म्हणून काढली असेल तर?"

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "झाडाला रंग फासणं गुन्हा आहे. आहे का कुणी तुमच्या नजरेत?"

"छे छे," चष्मेवाले म्हणाले आणि जाता जाता त्याच्या चष्म्याची सैल दांडी फुकटात घट्ट करून देऊन आले.

गुरुवारी सकाळी ते दाढी करत असताना बाहेर ट्रक थांबला. चार माणसं, एक मुकादम आणि यांत्रिक करवत. तोडीचा आदेश वेळेवर पोचला होता. ठिणगी आणि तिच्या मैत्रिणी खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आधी आम्हाला कापा!" ठिणगी ओरडली. करवत घरघरली.

चष्मेवाले अर्ध्या गालावर फेस घेऊन तसेच धावले. "थांबा! ती फुली माझी आहे!"

करवत बंद झाली.

"तुमची म्हणजे?" मुकादमानं विचारलं.

"मी काढली. बायकोला गाडी मागे घेता यावी म्हणून. कुणीही हे झाड तोडायला सांगितलेलं नव्हतं."

ठिणगीनं बापाकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा करवत बरी, असं त्यांना वाटलं.

"काका, माझ्याकडे सहीशिक्क्याचा कागद आहे," मुकादम म्हणाला. "तुम्ही नुसतं तोंडी सांगताय."

चष्मेवाल्यांनी गाडीतून चष्म्याचा नंबर लिहून द्यायचं दुकानाचं पॅड आणलं आणि 'डावा डोळा, उजवा डोळा' या रकान्यांवरूनच कबुलीजबाब लिहून खाली सही ठोकली. मुकादमानं तो दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि ऑफिसला फोन लावला. अकरा वाजता कारकून स्थगितीचा कागद घेऊन धापा टाकत आला. ट्रक गेला. तुती वाचली.

दुपारी घरात ठिणगीनं एकच प्रश्न विचारला. "शनिवारीच का नाही सांगितलंत?"

"तू इतकी खूश होतीस गं."

"मी खूश होते म्हणून बातमी खरी होते का, बाबा?" तिचा आवाज चिरकला. मग ती म्हणाली, "पण मीही तुम्हाला विचारलं नाही. फुली आपल्याच दारात होती."

त्या संध्याकाळी तिनं अंक काढला. पहिल्याच पानावर 'आमची चूक', कबुलीचा फोटो, आईची मुलाखत, रंगाच्या डब्याचं छायाचित्र. चष्मेवाल्यांनी स्वतः प्रती वाटल्या आणि शिव्या खायच्या तयारीनं दारात उभे राहिले.

पहिल्या काकूच आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "केवढा दबाव आणला हो तुमच्यावर!"

"दबाव? कुणी?"

"आता आमच्यापासून काय लपवता? बायकोच्या गाडीचं निमित्त पुढं करायला लावलं त्या उद्यान विभागाच्या मेल्यांनी. आणि तुम्ही झाडासाठी सगळं अंगावर घेतलंत."

मागे जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"अहो काकू, खरंच बाबांनीच काढली!" ठिणगी कळवळून म्हणाली. "हा बघा डबा, हा ब्रश!"

"पुरावेसुद्धा आणून ठेवले," काकू मागे वळून कुजबुजल्या.

ठिणगी आत येऊन खिडकीजवळ मटकन बसली. "बाबा, आज पहिल्यांदा शब्द न् शब्द तपासून छापला होता," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

चष्मेवाल्यांनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

बाहेरून काकूंचा आवाज आला, "बघा, बघा! बिचारा पोरीलाही गप्प बसवतोय."