पीएमपी पास

नियोजनात माझा हात धरणारा माणूस पिंपरी-चिंचवडात अजून जन्माला यायचाय! कासारवाडीतल्या आमच्या घरातली गॅसची टाकी कधी संपणार हे मी आधी सांगतो आणि ती त्याच दिवशी संपते. आई म्हणते, "तू सांगतोस म्हणून संपते मेली!" तर सांगायचा मुद्दा, चाकणला एका सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनियर असलेला मी, अजिंक्य, लग्नसुद्धा नियोजन करूनच करणार होतो.

मुलगी ठरलेली होती. आमच्याच कंपनीच्या खरेदी विभागातली तनुजा. तिची पसंती होती, माझी होती, आणि आईची तर आम्हा दोघांच्या आधीपासून होती. घोडं अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. सोपानराव म्हणजे राजगुरुनगरच्या पुढच्या बोरमाळ गावचं बडं प्रस्थ. त्यांचा एकच हेका, "कंपनीतला जावई नगं. आज गेट उघडं, उद्या कुलूप! पर्मनंट माणूस बघा."

"मी मॅनेजर झालो तर?" मी तनुजाला विचारलं.

"मग मी बोलते आबांशी," ती म्हणाली.

आता मॅनेजर व्हायचं तर प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट पाहिजे, असं आमच्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलेलं. मी कँटीनमध्ये रिझवानला गाठलं. रिझवान क्वालिटीतला, माझा जिगरी दोस्त. खोट काढायचाच त्याला पगार मिळतो. चाकणच्या बाजारात बैलाचे दात बघावेत तसं त्यानं मोबाइलवर एकेक सर्टिफिकेट तपासलं. एक नवशिक्यांचं होतं, एक विलायतेचं, एक तर नुसता शनिवार-रविवार क्लासला जाऊन बसलं की मिळणारं.

"भावा, आधी छोटं कर. झेपलं तर मोठं."

"हॅट्! करायचं तर सगळ्यांत मोठं. प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, म्हणजे पीएमपी!"

तुम्ही पुण्याकडचे असाल तर इथंच फिदीफिदी हसायला लागला असाल. बाकीच्यांना सांगतो, आमच्याकडं पीएमपी म्हटलं की शेंबडं पोरगंही सांगेल, बस! रस्त्यावरून धावते ती! मी स्वतः तिच्या दांड्याला लोंबकळत दापोडीपर्यंत शाळा केली. पण पुस्तकांत डोकं घातलं आणि एवढीशी गोष्ट डोक्यातून साफ उडाली.

तनुजानं आबांना फोनवर सांगितलं, "अजिंक्य पीएमपीची परीक्षा देतोय." लगेच त्यांचा मला फोन!

"पाव्हणं, पीएमपीत चाललाय म्हणं! मग आधी बोलायचं न्हाई व्हय?"

मला भरूनच आलं. खेड्यातला माणूस, पण पीएमपीची किंमत जाणून आहे!

"परीक्षा अवघड असते हो," मी नम्रपणे म्हणालो.

"आसणारच! येवढी मानसं सांभाळायची, वर टाइम पाळायचा. खायचं काम हाय का?"

मी गार! आमच्या क्लासच्या सरांना जे आठवडाभर सांगता आलं नाही, ते सोपानरावांनी एका दमात सांगितलं.

"लायसन किती वर्साचं?"

"सर्टिफिकेट हो. तीन वर्षांचं. मग पुन्हा नवं करून घ्यायचं."

"डोळं तपासत आसतील."

"हो ना! परीक्षेत कॅमेऱ्यातून सारखं डोळ्यांवरच लक्ष. नजर जरा इकडंतिकडं गेली की बाद!"

"बराबर हाय. नजर हालली की संपलंच की! लागा तयारीला, जावईबापू!"

जावईबापू! मी फोनलाच वाकून नमस्कार केला.

परीक्षा घरूनच होती. खोलीत चिटपाखरू चालत नाही, आवाज चालत नाही. आईनं कुकरची शिट्टी काढून पदराला बांधली आणि दारात पहारा दिला. आणि काय सांगू, पहिल्या फटक्यात पास! तनुजाला मेसेज टाकला, "पीएमपी पास!" तिनं तो जसाच्या तसा आबांना पाठवला.

रविवारी सुपारी फोडायला बोलावणं आलं. मी, आई आणि रिझवान, त्याच्याच गाडीतून निघालो. बोरमाळच्या फाट्यावर रिझवाननं करकचून ब्रेक दाबला.

समोर हा भला मोठा फ्लेक्स! "गावाचे भावी जावई मा. अजिंक्य यांना पीएमपी पास मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" गॉगल लावलेला मी, आणि माझ्या मागं अख्खी बस!

"भावा," रिझवान हळूच म्हणाला, "मासिक पास मिळालाय का दैनिक?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फ्लेक्सच्या खाली नवाकोरा पत्र्याचा बसथांबा. रंग अजून ओला. हलगी कडाडत होती. फेटा बांधलेले सोपानराव हार घेऊन उभे, शेजारी कपाळाला हात लावलेली तनुजा, आणि थांब्याच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली एक म्हातारी.

"ह्या आमच्या शालनबाई," सोपानराव म्हणाले. "सकाळधरनं बसल्यात. भोसरीला डोळं दाखवायचंत. पयली गाडी कवा आणताय?"

"लेकरा," शालनबाईंनी माझा हात धरला, "मला आर्धं तिकीट का फुकाट?"

रिझवान कानात कुजबुजला, "सुपारी फुटेपर्यंत तोंड उघडू नकोस!" उघडणारही नव्हतो हो! पण ती म्हातारी हात सोडेना, आणि तिच्याशी खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

"आजी... माझी बस नाही. ते पीएमपी वेगळं. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं."

हलगी थांबली. सोपानरावांच्या हातातला हार खाली आला.

"म्हंजे डायवर न्हाई?"

"नाही."

"डेपोत साहेब?"

"नाही."

"पर्मनंट?"

मी मान खाली घातली. तनुजाचा चेहरा तर बघवत नव्हता. ती दात ओठ खात म्हणाली, "त्या परीक्षेत लोकांशी नीट बोलायचा धडा नव्हता का रे?"

"होता ना. त्यातच सगळ्यांत चांगले मार्क पडलेत!"

रिझवानला ठसका लागला. आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, तो जरा जोरातच.

सोपानरावांनी फेटा काढून काखेत मारला. "मग तुमचं ह्ये पीएमपी करतंय तरी काय?"

"ठरलेलं काम," मी म्हणालो, "ठरलेल्या वेळेत पुरं करून दाखवतं."

त्यांनी थांब्याकडं बघितलं, शालनबाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"झ्याक! मग ह्यो थांबा बांधलाय, त्याला बस आणा. दिवाळीच्या आत गाडी आली तर सुपारी. न्हाई आली तर ते सर्टिफिकेट गुंडाळायचं आन् घरी जायाचं. आमची पोरगी आमच्या घरी!"

आता माघार कशाला घ्यायची? नियोजनात माझा हात कोण धरणार! सोमवारी रजा टाकली, नकाशा काढला, रंगीत तक्ते केले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि थेट बसच्या ऑफिसात हजर. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"काय काम आहे?"

"बोरमाळला बस सुरू करायचीय. लग्नाचा प्रश्न आहे!"

"लग्नाचा? बरं. आपण कोण?"

मी सवयीनं छाती पुढं काढली. "मी पीएमपी!"

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या टेबलाकडं वळून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? पीएमपी हे आहेत. मग आपण कोण?"